आणि पुढच्या वर्षी?

सांगोल्याकडच्या साडेचार एकर डाळिंबाच्या रानाची आज बाजारभावाने किंमत किती? हा प्रश्न तलाठ्याचा नव्हता, सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाचाही नव्हता. अमेरिकेतल्या कॉलेजांकडे आर्थिक मदत मागण्यासाठी जो अर्ज भरावा लागतो, त्यातला तो एक रकाना होता. आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका बाईंची भाची तेव्हा बारावीला होती. गणितात पोरगी विलक्षण. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटीत गरिबाच्या मुलाला फुकट शिकवतात, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. ते खोटं नव्हतं. म्हणून एका रविवारी ती, गावाहून मुद्दाम आलेले तिचे वडील आणि मी असे तिघं लॅपटॉपसमोर बसलो.

पहिलाच अडथळा घराचा. घर कोणत्या साली घेतलं, कितीला घेतलं, आज किती येतील? घर घेतलेलंच नव्हतं, आजोबांनी बांधलं होतं. कधी, ते आजीला फोन करून विचारलं तर ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी’ असं उत्तर आलं. मग प्राप्तिकराचं विवरणपत्र. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे कर नाही, त्यामुळे विवरणपत्र नाही. होता तो तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला. त्यावरचा आकडा कसा ठरतो हे त्या ऑफिसातल्या कारकुनाला, तिच्या वडिलांना आणि मला ठाऊक होतं, पण बोस्टनमधल्या अधिकाऱ्याला ते कसं समजावणार? सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर मीच केलं. ‘जिरायत’ला प्रतिशब्द शोधण्यात अर्धा तास गेला.

मग मागच्या वर्षीचं उत्पन्न, चालू वर्षाचं उत्पन्न आणि पुढच्या वर्षीचं अपेक्षित उत्पन्न. मागच्या वर्षी बाग चांगली गेली होती. यंदा तेल्या रोग पडला आणि झाडावरची फळं काळ्या डागांनी तडकून रानातच टाकून द्यावी लागली. पुढच्या वर्षीचं विचारल्यावर वडील हसले. म्हणाले, “सर, ते मला काय विचारता, वरच्याला विचारा.” मी रकान्यात एक आकडा टाकला. तो मी कुठून आणला, हे आजही सांगता येणार नाही.

त्या रविवारनंतर या विषयावर मी पुष्कळ वाचलं, आणि वाचता वाचता माझं मत बदललं. आधी वाटायचं, बड्या विद्यापीठांचं गरिबांवरचं प्रेम निव्वळ दिखाऊ असणार. तसं नाही. पैसे खरोखर देतात, आणि भरपूर देतात. घोळ आहे तो ते पैसे कधी कळतात, कुणाला कळतात आणि कितपत खात्रीने कळतात यात.

आधी किंमत पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी हार्वर्डची नुसती शिकवणी ५९,३२० डॉलर होती. राहणं, जेवण आणि इतर शुल्क धरलं की आकडा ८६,९२६ वर जात होता. रुपयांत वर्षाला पाऊण कोटीच्या आसपास, चार वर्षांचे तीन कोटी. अमेरिकेतल्या मधल्या कुटुंबाचं, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली अशा कुटुंबाचं, वार्षिक उत्पन्न २०२३ साली ८०,६१० डॉलर होतं. म्हणजे त्या घराने वर्षभर उपाशी राहून सगळी कमाई दिली तरी फी पुरी होत नाही.

आणि याच हार्वर्डने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलाला शिकणं, राहणं, जेवण, सगळं फुकट, आणि दोन लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिकवणी माफ. एमआयटीने जवळपास अशीच घोषणा चार महिने आधी केली होती. प्रिन्स्टनने ऑगस्टमध्ये त्यावर कडी केली: दीड लाखापर्यंत बहुतेकांना सगळं मोफत आणि अडीच लाखापर्यंत शिकवणी माफ. याच प्रिन्स्टनने २००१ साली मदतीच्या पाकिटातून कर्ज काढून टाकून त्या जागी परत न करायचं अनुदान घातलं होतं, आणि मग इतरांनाही ते करावं लागलं.

म्हणजे दारावरच्या पाटीवर ८६,९२६ आणि आत गेल्यावर कित्येकांना शून्य. हे काय गौडबंगाल आहे?

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावात एक डॉक्टर होते. पेशंटच्या पायातली चप्पल बघून ते फी सांगत. सावकाराकडून वीस रुपये, मास्तरांकडून पाच, हमालाला ‘पुढच्या खेपेला दे’. गावात कुणाची त्याला हरकत नव्हती, सावकाराचीही नव्हती, कारण त्यात त्याचा मान होता. अमेरिकेतली बडी विद्यापीठं हेच करतात, फक्त चपलेऐवजी करपत्र, घराची किंमत आणि डाळिंबाचं रान बघतात. एक फरक मात्र मोठा आहे. आमच्या डॉक्टरांनी दवाखान्याबाहेर फीची पाटी लावली नव्हती. विद्यापीठं पाटी लावतात, आणि त्या पाटीवर सावकाराची फी लिहितात. हमाल ती लांबूनच वाचतो आणि आल्या पावली परत जातो.

मग पाटी लावतात कशाला? कारण पाटीवरचे पैसे भरणारे पुष्कळ आहेत. हार्वर्ड सांगतं की आपल्या पंचावन्न टक्के विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. हे वाक्य उलटं करून वाचावं. उरलेल्या पंचेचाळीस टक्के घरांना, दोन लाखांच्या पलीकडे सवलतीचे इतके दरवाजे उघडे असतानाही, सवलत लागत नाही किंवा मिळत नाही. मधलं कुटुंब ऐंशी हजारांत राहतं त्या देशात जवळजवळ निम्मा वर्ग अशा घरांतला असावा, ही गोष्ट मला फुकट शिक्षणाच्या घोषणेपेक्षा अधिक बोलकी वाटते.

दानाची परंपरा जुनी आहे, हे मान्य करायला हवं. हार्वर्ड १६३६ साली स्थापन झालं आणि सातच वर्षांनी, १६४३ मध्ये, लंडनच्या अ‍ॅन रॅडक्लिफ या विधवा बाईंनी गरीब विद्यार्थ्यासाठी शंभर पौंड दिले. आपल्याकडे तेव्हा शिवाजीराजे जेमतेम तेरा वर्षांचे होते. बाईंचं नाव अडीचशे वर्षांनी तिथल्या मुलींच्या कॉलेजला दिलं गेलं, त्यात मुलींना हार्वर्डची दारं बंद होती म्हणून ते वेगळं कॉलेज काढावं लागलं, हा भाग निराळा.

या दानधर्माची खरी परीक्षा झाली ती मात्र न्यायालयात. १९५८ पासून आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि एमआयटी यांचे अधिकारी दर वसंतात एकत्र बसत. प्रवेश मिळालेल्या मुलांच्या याद्या समोर असत. एकाच मुलाला दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळाला असेल तर त्याच्या घरच्यांनी किती द्यायचे, हे सगळे मिळून ठरवत आणि सगळीकडे तेवढाच आकडा सांगत. हेतू असा की मुलाने कॉलेज निवडावं ते शिक्षणाकडे बघून, सवलतीची घासाघीस करून नव्हे. सरकारच्या न्याय खात्याला यात व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव बांधण्याचा वास आला. १९९१ साली खटला भरला. आठही आयव्हींनी पुन्हा असं न करण्याचं लिहून देऊन अंग काढून घेतलं. एमआयटी एकटी लढली. तिचं म्हणणं होतं की हा धंदा नव्हे, दान आहे. आम्हाला आपसात स्पर्धा करायला लावाल तर आम्ही हुशार श्रीमंत पोरांना पैसे देऊन ओढत बसू, आणि गरिबांसाठीची गंगाजळी त्यात आटेल. खालच्या कोर्टात एमआयटी हरली, १९९३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द करून फेरविचाराला पाठवला, आणि शेवटी तडजोड झाली. १९९४ साली संसदेने कायदा करून विद्यापीठांना मदत मोजण्याची समान पद्धत ठरवायची सूट दिली, पण अट घातली: प्रवेश देताना मुलाची ऐपत बघायची नाही.

ही सूट २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी माजी विद्यार्थ्यांनी दावा लावला की सूट तर घेतली, अट मात्र पाळली नाही; देणगीदारांच्या मुलांना झुकतं माप देणं म्हणजे ऐपत बघणंच. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत येल, कोलंबिया, ब्राउन, ड्यूक यांच्यासह दहा विद्यापीठांनी मिळून २८ कोटी ४० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. दोष कुणीच कबूल केला नाही. मोठ्या घरातली भांडणं अशीच मिटतात.

मला एमआयटीचा मुद्दा तेव्हाही अर्धा पटला असता. स्पर्धा आली की पैसा गुणवंताकडे धावतो, आणि गुणवंत बहुधा आधीच सुखवस्तू असतो, हे खरं आहे. पण सूट संपल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतच एक लाख, दोन लाख, अडीच लाख अशा मर्यादांची चढाओढ लागली. तो योगायोगही असेल, वॉशिंग्टनहून येणाऱ्या राजकीय दबावाचा परिणामही असेल. माझ्या मनात शंका राहते एवढंच.

‘ऐपत न बघता प्रवेश’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्यात डोळ्यांवर पट्टी असते ती एकाच रकान्यापुरती. बाकीचा अर्ज श्रीमंतीने ओसंडत असतो. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लक्षावधी करपत्रांवरून दाखवलं की अमेरिकेतल्या ३८ कॉलेजांत तळाच्या साठ टक्के घरांतली जेवढी मुलं आहेत, त्याहून जास्त मुलं वरच्या एक टक्का घरांतली आहेत. आयव्ही लीगमधली पाच त्या यादीत होती. २०२३ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: प्रवेशपरीक्षेत गुण सारखेच असतील तर? तरीही वरच्या एक टक्क्यातल्या मुलाला प्रवेश मिळण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि वरच्या हजारांशाच्या घरांत ती दुपटीहून अधिक. कारणं शोधली तर तीन हाती लागली. आई-बाप तिथलेच माजी विद्यार्थी असणं, एखाद्या खेळासाठी निवड होणं, आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांचं मूल्यमापन. खेळ म्हणजे तलवारबाजी, वल्हवणं, स्क्वॉश. साध्या सरकारी शाळेच्या आवारात स्क्वॉशचं कोर्ट मी तरी पाहिलेलं नाही. आणि अभ्यासाबाहेरचे गुण म्हणजे ज्या खाजगी शाळेत शिफारसपत्र लिहायला स्वतंत्र माणूस नेमलेला असतो, तिथे फुलणारे गुण.

म्हणून फुकट शिक्षणाची घोषणा या संस्थांना परवडते. पंगतीला कुणीही या, पैसे नाही घेणार, असं म्हणायचं आणि वाड्याचा दरवाजा अरुंद ठेवायचा, तर शिधा फार लागत नाही. कुणी मनात पाप धरून हे करतं असं माझं म्हणणं नाही. मदत वाटणारं खातं आणि प्रवेश देणारं खातं ही दोन वेगळी माणसं असतात, आणि पहिल्याचं पुण्य दुसऱ्याच्या चाळणीतून गळून जातं. कॅलिफोर्नियाने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देण्यावर २०२४ मध्ये कायद्याने बंदी आणली. त्यावर स्टॅनफर्डने काय करावं? गरीब विद्यार्थ्यांसाठीची राज्याची शिष्यवृत्ती घेणंच बंद केलं, ती रक्कम स्वतःच्या तिजोरीतून भरायचं ठरवलं, आणि झुकतं माप चालू ठेवलं. मुलांचं नुकसान काही झालं नाही. पण वारशाचा हक्क सोडण्यापेक्षा सरकारी पैसे सोडलेले बरे, असा हिशेब एखादी संस्था इतक्या थंडपणे करू शकते हे पाहून मला आपल्याकडच्या काही शिक्षणमहर्षींची आठवण झाली.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका पाकिटाने.

मिशिगन विद्यापीठ सरकारी आहे, नावाजलेलं आहे. पण त्याच राज्यातली गरीब घरची हुशार मुलं तिथे अर्जच करत नसत. करणारी मुलं आत आली की त्यांची फी बहुतेक माफच व्हायची, पण ते आधी कुणाला ठाऊक नसे. सुझन डायनार्स्की या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी विद्यापीठाला धरून २०१५ च्या सुमारास एक प्रयोग सुरू केला. शाळेत सवलतीचं जेवण घेणाऱ्या आणि परीक्षेत चांगले गुण असलेल्या बारावीच्या मुलांची नावं राज्य सरकारच्या नोंदींतून काढली. त्यांतल्या काही मुलांच्या घरी विद्यापीठाच्या रंगातलं, पिवळं-निळं, चांगलं मोठं पाकीट गेलं. आत कुलगुरूंचं पत्र: तू अर्ज कर. प्रवेश मिळाला तर चार वर्षांची पूर्ण फी माफ. त्यासाठी उत्पन्नाचा कुठलाही अर्ज भरायची गरज नाही. पालकांना वेगळं पत्र, शाळेच्या मुख्याध्यापकांनाही.

ज्यांना पाकीट गेलं नाही त्यांच्यातल्या २६ टक्के मुलांनी अर्ज केला. ज्यांना गेलं त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल झालेल्या मुलांचं प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेलं. आणि यातली खरी गोम अशी की विद्यापीठाने पैसे जवळजवळ वाढवलेच नव्हते. पाकीट न मिळालेल्या मुलानेही अर्ज केला असता तर त्याला साधारण तेवढीच मदत मिळाली असती. बदललं ते इतकंच की शेवटी कळणारी गोष्ट आधी कळली, आणि ‘मिळू शकेल’च्या जागी ‘मिळेल’ आलं.

नंतर त्याच मंडळींनी या प्रयोगाला आणखी एक पीळ दिला. काही मुलांना बिनशर्त हमीचं पत्र, काहींना तसंच देखणं पत्र, पण त्यात एक अट: उत्पन्न सिद्ध कराल तर फी माफ. पहिल्या पत्राने अर्जही वाढले, दाखलेही वाढले. दुसऱ्याने अर्ज थोडे वाढले, दाखल्यांवर काहीच परिणाम झाला नाही. एका वाक्याचा फरक. ज्याच्या घरात सरकारी कागदाचा अनुभव हेलपाट्यांचाच आहे, तो ‘सिद्ध कराल तर’ या तीन शब्दांचा अर्थ बरोबर लावतो.

अर्थशास्त्राची पुस्तकं गरिबी मोजतात ती रकमेत. मला वाटतं ती वेळेतही मोजायला हवी. श्रीमंताच्या पैशाला घाई नसते. गरिबाला हजार रुपये मंगळवारी हवे असतात, बुधवारी आले तर ते नसल्यासारखेच. २०२४ साली आयआयटी धनबादमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला जागा मिळालेल्या उत्तर प्रदेशातल्या एका दलित मुलाची गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. वडील रोजंदारीवर. जागा पक्की करायला भरायचे होते साडेसतरा हजार रुपये, मुदत २४ जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत. गावकऱ्यांनी पैसे जमवून दिले ते पावणेपाचच्या सुमारास. संकेतस्थळावर तपशील भरता भरता पाच वाजले. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबरला घटनेच्या १४२व्या कलमाखालचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देववला, हे चांगलंच झालं. पण लक्षात घ्या, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना आयआयटीत शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे चार वर्षांची लाखोंची सवलत त्याच्या नावावर होती, आणि तो बुडत होता दाराशीच, पंधरा मिनिटांत, साडेसतरा हजारांत. सवलत देणाऱ्याची नजर सहसा मोठ्या रकमेवर असते, पोरं अडतात ती छोट्या रकमेपाशी.

आपल्याकडे याची एक जुनी आणि ठसठशीत साक्ष आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. त्या शिष्यवृत्तीने काय घडवलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण तिचं दुसरं टोक आपण विसरतो. लंडनमधला अभ्यास अर्ध्यावर असताना मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन प्रबंध सादर करायची परवानगी तेवढी हातात होती. बडोद्यात नोकरी होती, राहायला जागा कुणी देईना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पै-पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून कर्ज घेतलं, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन. हा सगळा फेरा एका करारातल्या तारखेमुळे. सयाजीरावांचं मोठेपण यात कमी होत नाही. त्या काळात दुसरा कोण होता? पण आंबेडकरांएवढी चिवट माणसं फार नसतात, आणि व्यवस्था चिवट माणसं गृहीत धरून आखायची नसते.

एक आक्षेप मी स्वतःवरच घेतो. या मूठभर विद्यापीठांची एवढी चर्चा कशाला? हार्वर्डच्या पहिल्या वर्षात साधारण साडेसोळाशे मुलं असतात. मुंबई विद्यापीठाशी संलग्न दोन-तीन मोठ्या कॉलेजांची बेरीज त्याहून जास्त भरेल. तळातून वर माणसं नेण्याचं काम कोण करतं हे बघायचं तर न्यूयॉर्कची सिटी युनिव्हर्सिटी किंवा लॉस एंजेलिसचं सरकारी विद्यापीठ बघावं. तळाच्या पाचव्या हिश्श्यातून सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्श्यात मुलं पोचवण्यात त्यांचं प्रमाण आयव्हीच्या तिपटी-चौपटीचं आहे, हेही चेट्टींच्याच आकड्यांत आहे. त्या न्यूयॉर्कच्या विद्यापीठाचं मूळ कॉलेज १८४७ पासून १९७६ पर्यंत मोफत होतं, शहराचं दिवाळं निघायची वेळ आली तेव्हा फी सुरू झाली. त्याचा शोक मात्र कुणी जाहीरपणे करत नाही. तरी मूठभरांचा विषय सोडता येत नाही, कारण न्यायाधीश, मंत्री, मोठ्या बँकांचे प्रमुख या मूठभरांतून निघतात, आणि पुढच्या पिढीचे अर्ज कसे असावेत हेही तेच ठरवतात.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. कागद न बघता हमी दिली तर कुणीही हात पुढे करेल. याला मिशिगनने उत्तर दिलंच आहे: कागद सरकारकडे आधीच असतात, ते पोराकडून पुन्हा कशाला मागायचे? आणि हार्वर्डसारख्या ज्या संस्थेच्या ठेवी पन्नास अब्ज डॉलरच्या पुढे आहेत तिने चार चुकीच्या माणसांना फुकट शिकवल्याने ती बसणार नाही. आता त्या ठेवींच्या उत्पन्नावर २०२५ च्या कायद्याने आठ टक्क्यांपर्यंत कर बसवला आहे. कर बसवणाऱ्यांच्या मनात गरीब विद्यार्थी होता असं मला वाटत नाही, पण या करामुळे हात आखडला तर पहिल्यांदा कुणाची सवलत जाईल, याचा अंदाज बांधता येतो.

मराठी घरांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर उलटंच फिरतं. या मोफत शिक्षणाच्या घोषणा बारावीनंतरच्या चार वर्षांच्या पदवीसाठी आहेत. आपली पोरं बहुतांशी जातात ती एमएसला, आणि तिथे हे काही लागू नाही. तिथे असतं ते बँकेचं कर्ज, तारण म्हणून कोथरूडचा किंवा डोंबिवलीचा फ्लॅट, आणि जामीनदार म्हणून निवृत्तीला आलेले वडील. शिवाय पदवीलाही परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश देणारी कॉलेजं जेमतेम दहाच्या घरातली. बाकी ठिकाणी तुम्ही मदत मागितली की तुमचा अर्ज वेगळ्या, लहान ढिगात जातो. मदत मागण्याच्या त्या अर्जालाही पैसे पडतात: पहिल्या कॉलेजाला पंचवीस डॉलर, पुढच्या प्रत्येकाला सोळा. अमेरिकेतल्या गरीब मुलांना ते माफ असतात, आपल्याकडच्या पोरांना सहसा नाही. आम्ही सहा कॉलेजं निवडली. वडिलांनी खिशातून रोख काढून माझ्यापुढे ठेवली आणि मी कार्डाने भरले. डॉलरचा भाव विचारून त्यांनी हिशेब स्वतः केला होता, वर सुटे वीस रुपये परत घ्यायला नकार दिला.

निकाल मार्चमध्ये आले. फुकटवाल्या दोन मोठ्या ठिकाणी नाही. एका लहानशा, चांगल्या कॉलेजने प्रवेश दिला आणि मदतही मोठी देऊ केली. तरी वर्षाला सहा-सात लाख घरचे लागणार होते. पोरगी रडली नाही, गप्प बसली. वडिलांनी मात्र दोन दिवसांत जमवाजमव केली. थोडं आत्याकडून, थोडं सोसायटीतून, एक गाय. पहिल्या वर्षाचं होत होतं. मग त्यांनी मला एक मेल लिहायला सांगितली. मजकूर त्यांचाच, मी नुसतं इंग्रजी केलं: यंदा बाग गेली आहे, पुढच्या वर्षी चांगली येईल. चांगली आली तर मदत कमी कराल का? आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा तेल्या पडला तर वाढवाल का?

उत्तर चार दिवसांनी आलं. नम्र होतं. कुटुंबाच्या परिस्थितीचा विचार दरवर्षी नव्याने केला जातो, अर्ज दरवर्षी भरावा लागेल. वडिलांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे लिहून काय देत नाहीत?” मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. डाळिंबाच्या व्यापाऱ्याशी सौदा मोडताना हलवत असतील तशी.

मुलगी आता पुण्याच्या एका सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात आहे, तिसऱ्या वर्षाला, मुलींच्या फीमाफीत बसली. सातबाऱ्याचं ते इंग्रजी भाषांतर, नोटरीच्या लाल शिक्क्यासकट, वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय. मागच्या महिन्यात फोन आला होता. पीककर्जाला ते चालेल का, विचारत होते.